व्हर्जिनियाच्या रँडॉल्फ घराण्याची वंशावळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वसाहतकाळातली इतकी अमेरिकन घराणी असताना रँडॉल्फच का?

कारण अमेरिकेच्या सुरुवातीच्या इतिहासात कुठेही हात घाला, रँडॉल्फांचा कुणीतरी नातलग निघतोच. कॉन्टिनेंटल काँग्रेसचा, म्हणजे वसाहतींच्या संयुक्त सभेचा, पहिला अध्यक्ष पेटन रँडॉल्फ, देशाचा पहिला अ‍ॅटर्नी जनरल एडमंड रँडॉल्फ, तिसरा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफर्सन, सरन्यायाधीश जॉन मार्शल आणि यादवी युद्धातला दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ई. ली हे सगळे एकाच जोडप्याचे वंशज. यातल्या शेवटच्या तिघांचं आडनाव रँडॉल्फ नाही, कारण त्यांचं नातं मुलींकडून येतं. नुसत्या आडनावाचा माग काढणाऱ्याच्या हातून हे तिघेही निसटतात. लेकी-सुनांच्या वाटेने गेल्याशिवाय या घराण्याचा पसारा कळत नाही, आणि बहुतेकांचं घोडं नेमकं तिथेच अडतं.

मूळपुरुष कोण?

विल्यम रँडॉल्फ. इंग्लंडात वॉरिकशरमधल्या मोर्टन मॉरेल गावी ७ नोव्हेंबर १६५० रोजी त्याचा बाप्तिस्मा झाला. त्याचा काका हेन्री आधीच व्हर्जिनियात गेला होता आणि हेन्रायको काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) कोर्टात कारकून होता. १६७३ मध्ये काका वारला आणि ती जागा पुतण्याकडे आली. ही कारकुनी किरकोळ समजू नका. जमिनीचा प्रत्येक व्यवहार ज्याच्या दप्तरातून जातो, त्याला कुठला तुकडा कधी विकायला निघणार हे गावाच्या आधी कळतं. १६७६ च्या बंडाचा म्होरक्या नथॅनियल बेकन याची जप्त झालेली कर्ल्सची जमीन पुढे विल्यमच्याच हाती आली.

विल्यमने बर्म्युडा हंड्रेडच्या मेरी आयशमशी लग्न केलं आणि जेम्स नदीकाठी टर्की आयलंड इथे बस्तान बसवलं. १७११ मध्ये तो वारला. त्याची सात मुलगे आणि दोन मुली अशी नऊ अपत्यं वयात आली आणि बहुतेकांची लग्नं वसाहतीतल्या बड्या घरांत झाली. त्यामुळे विल्यम आणि मेरीला 'व्हर्जिनियाचे अ‍ॅडम आणि ईव्ह' म्हणतात. यातली अतिशयोक्ती तुम्हाला वाटते तेवढी नाही.

शोध विल्यमपासून सुरू करायचा की आजच्या माणसापासून?

आजच्या माणसापासून, नेहमीच. समजा, तुमच्या अमेरिकन सुनेची आजी म्हणाली, "आम्ही रँडॉल्फांपैकी." तर आजीच्या आईवडिलांचे दाखले आधी मिळवा आणि एकेक पिढी मागे जा. विल्यमपासून खाली उतरत आलात, तर तिसऱ्या पिढीपर्यंत इतक्या फांद्या फुटतात की हव्या त्या नावाचा माणूस कुठल्या ना कुठल्या फांदीवर सापडतोच. मग तोच आपला, असं मन धरून बसतं.

व्हर्जिनियात जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १८५३ ते १८९६ या काळात झाली, मग खंड पडला आणि १९१२ पासून ती पुन्हा सुरू झाली. जनगणनेत घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव १८५० पासून येतं. त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांचे आकडे. १७९० च्या पहिल्या जनगणनेची व्हर्जिनियाची पानं तर नष्टच झाली आहेत, त्यामुळे तिथे १७८० च्या दशकातल्या कर-याद्यांवर काम भागवावं लागतं.

विल्यम, जॉन, रिचर्ड, थॉमस… एकाच नावाचे इतके जण! ओळखायचे कसे?

मळ्याच्या नावावरून. त्या काळच्या लोकांनाही हीच अडचण होती आणि त्यांनी हाच उपाय काढला होता. विल्यमच्या मुलांपैकी थॉमस टकाहोचा, आयशम डंजनेसचा, रिचर्ड कर्ल्सचा. नुसतं 'जॉन रँडॉल्फ' लिहिलेला कागद हाती आला तर निदान चार उमेदवार असतात. १७३७ मध्ये वारलेला सर जॉन, ज्याच्याशिवाय वसाहतकाळात व्हर्जिनियात जन्मलेल्या कुणाला 'सर' हा किताब मिळाला नाही. त्याचाच मुलगा जॉन, जो क्रांतीच्या वेळी राजाशी एकनिष्ठ राहून इंग्लंडला निघून गेला. (त्याचा मुलगा एडमंड मात्र वॉशिंग्टनच्या बाजूने उभा राहिला. बापलेक दोन तीरांवर.) तिसरा मटोक्सचा जॉन आणि चौथा त्याचा मुलगा, काँग्रेस गाजवणारा, जिभेचा तिखट, रोअनोकचा जॉन.

सगळ्यांत मोठा चकवा टकाहोत आहे. तिथल्या थॉमस मान रँडॉल्फला पहिल्या बायकोपासून १७६८ मध्ये मुलगा झाला. त्याचंही नाव थॉमस मान. हा पुढे जेफर्सनचा जावई आणि व्हर्जिनियाचा गव्हर्नर झाला. पहिली बायको वारल्यावर म्हाताऱ्याने १७९० मध्ये तरुण गॅब्रिएला हार्वीशी लग्न केलं. १७९२ मध्ये तिला मुलगा झाला, आणि थोरला धडधाकट जिवंत असताना या धाकट्याचं नावही थॉमस मानच ठेवलं! दोन सावत्र भाऊ, एक बाप, एकच नाव, आणि वारशाचा तंटा. या दोघांना एक समजून लावलेली झाडं आजही इंटरनेटवर सापडतील.

आणखी एक सावधगिरी. जुन्या खतांत नावापुढे 'सीनियर' किंवा 'ज्युनियर' दिसलं म्हणून ते बापलेकच असतील असं नाही. एका काउंटीत त्याच नावाचा वयाने मोठा आणि लहान, इतकाच त्याचा अर्थ असू शकतो. ते काका-पुतणे असतील, चुलतभाऊ असतील किंवा कुणीच नसतील. आणि 'ऑर्फन' म्हणजे बाप वारलेलं मूल. आई जिवंत असली तरी.

हेन्रायकोची जुनी कागदपत्रं मिळत का नाहीत?

बरीचशी उरलीच नाहीत. १६७७ च्या आधीची जवळजवळ सगळी गेली. नंतरची काही क्रांतियुद्धात इंग्रज फौजांनी नष्ट केली. १८६५ च्या एप्रिलमध्ये दक्षिणेचं सैन्य रिचमंड सोडून जाताना शहराला आग लागली, त्यात आणखी गेली. वसाहतीच्या वरिष्ठ कोर्टाचं दप्तर रिचमंडमध्येच होतं, आणि जेम्स सिटी काउंटीचं दप्तर सुरक्षित राहावं म्हणून तिथे आणून ठेवलं होतं. तेही त्याच आगीत खाक झालं.

म्हणून शोध बाजूने घ्यावा लागतो. सरकारी जमीनवाटपाच्या सनदा रिचमंडच्या लायब्ररी ऑफ व्हर्जिनियात १६२३ पासून आहेत आणि त्यांच्या प्रतिमा ऑनलाइन बघता येतात. वसाहतीत आणलेल्या माणसामागे ५० एकर मिळायचे, त्यामुळे सनदेत आणलेल्या माणसांची नावंही येतात. पण सनदेचं वर्ष म्हणजे ती माणसं आल्याचं वर्ष नव्हे. हक्क साठवून, विकून, कधी एकाच माणसावर दोनदा दाखवून जमीन उपटली जायची.

दुसरी वाट शेजारच्या काउंटीची. गूचलंड १७२८ मध्ये हेन्रायकोतून निघाली, आणि तिच्यातून १७४४ मध्ये आल्बमार्ल आणि १७४९ मध्ये कंबरलंड. माणूस जागचा हलला नाही, पण त्याचे कागद तीन कचेऱ्यांत विखुरले. टकाहो आणि डंजनेस गूचलंडमध्ये आणि गूचलंडचं दप्तर सुदैवाने शाबूत आहे. तिथले पाद्री विल्यम डग्लस यांनी १७५० पासून जवळजवळ पन्नास वर्षं लग्नं आणि बाप्तिस्मे स्वतःच्या हाताने नोंदवून ठेवले. ती वही नसती तर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या कित्येक लेकी-सुना नावानिशी कळल्याच नसत्या.

तारखांत १७४१/४२ असं का लिहितात?

१७५२ पर्यंत इंग्रजी राज्यात नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे जानेवारी ते मार्चमधली तारीख जुन्या हिशेबाने एका वर्षात, आजच्या हिशेबाने पुढच्या वर्षात पडते. दोन्ही आकडे जसेच्या तसे उतरवून घ्या, 'दुरुस्त' करू नका.

मृत्युपत्रात थोरल्या मुलाचं नावच नाही. त्याला बेदखल केलं होतं का?

क्वचितच. व्हर्जिनियात तेव्हा मृत्युपत्राविना मेलेल्याची जमीन कायद्याने थोरल्याकडे जायची. शिवाय मोठ्या मळ्यांना वारसाबंधन घातलेलं असायचं, म्हणजे बापाला ती जमीन विकता येत नसे आणि दुसऱ्याला देताही येत नसे. जे आपोआप मिळणारच ते कागदावर कशाला लिहायचं? वारसाबंधन १७७६ मध्ये आणि थोरल्याचा हक्क १७८५ च्या कायद्याने गेला. दोन्ही मोडण्यामागे जेफर्सन होता, रँडॉल्फांच्याच लेकीचा मुलगा. मळ्यांचे तुकडे पडायला लागले आणि त्याबरोबर वंशावळ शोधणाऱ्यांसाठी वाटणीचे, कर्जाचे आणि तंट्यांचे कागद भराभर वाढले. घराणं उतरणीला लागलं की दप्तर बोलायला लागतं!

मुलींच्या बाबतीत उलटं. लग्नात वाटा दिलेला असला तर बाप 'माझ्या अमुक जावयाला दिलंय तेवढं पुरे' इतकंच लिहितो आणि मुलीचं नाव गाळतो. अशा वेळी नातवंडांची मधली नावं पाहा. आयशम, रँडॉल्फ, ब्लँड, केरी अशी आजोळची आडनावं तिथे दडून बसलेली असतात. हा धागा झाला, पुरावा नव्हे.

जेफर्सन आणि जॉन मार्शल यांचं नेमकं नातं काय?

इंग्रजी पद्धतीने सांगायला गेलं तर डोकं फिरतं. आपल्या पद्धतीने सोपं आहे. विल्यमचा मुलगा आयशम, त्याची मुलगी जेन, तिचा मुलगा थॉमस जेफर्सन. म्हणजे जेफर्सन विल्यमचा पणतू. दुसरीकडे विल्यमचा मुलगा टकाहोचा थॉमस, त्याची मुलगी मेरी, तिची मुलगी मेरी कीथ, तिचा मुलगा जॉन मार्शल. मार्शलची आई आणि जेफर्सन एका पिढीचे, म्हणून जेफर्सन मार्शलचा लांबचा मामा लागतो. या मामा-भाच्यांचं आयुष्यभर हाडवैर होतं.

जेफर्सनची मुलगी मार्था आणि जावई थॉमस मान हे दोघेही विल्यमच्या चौथ्या पिढीतले. असे आपसातले विवाह या घराण्यात पावलोपावली आहेत. त्यामुळे एकाच पूर्वजाकडे दोन-तीन वाटांनी पोचता येतं. प्रत्येक वाट वेगळी सिद्ध करावी लागते.

सगळे रँडॉल्फ पोकाहोंटसचे वंशज आहेत का?

नाहीत. पोकाहोंटस ही व्हर्जिनियातल्या मूलनिवासी प्रमुखाची मुलगी. तिने १६१४ मध्ये इंग्रज वसाहतवाला जॉन रॉल्फ याच्याशी लग्न केलं आणि १६१७ मध्ये ती इंग्लंडात वारली. तिचा एकुलता एक मुलगा थॉमस रॉल्फ. त्याची मुलगी जेन रॉबर्ट बोलिंगला दिली आणि त्यांना जॉन हा एकच मुलगा झाला. जॉनची मुलगी जेन बोलिंग हिने कर्ल्सच्या रिचर्ड रँडॉल्फशी लग्न केलं. म्हणजे पोकाहोंटसचं रक्त आलं ते कर्ल्सच्या शाखेत, आणि तिथून ज्यांच्या घरी लेकी गेल्या त्यांच्यात. रॉबर्ट बोलिंगने नंतर अ‍ॅन स्टिथशी दुसरं लग्न केलं. त्या बायकोच्या वंशजांचा पोकाहोंटसशी काही संबंध नाही, पण आडनाव बोलिंगच. इथे रोज कुणीतरी फसतं.

एक गंमत बघा. जेफर्सन पोकाहोंटसचा वंशज नव्हता, पण त्याची मुलगी मार्था हिची मुलं होती. कारण जावई थॉमस मान याची आजी, आईची आई, कर्ल्सची रँडॉल्फ होती.

या अभिमानाचा पुढे कायद्यावर परिणाम झाला. १९२४ मध्ये व्हर्जिनियाने 'वंशशुद्धी'चा कायदा केला. बिगरगोरं रक्त थेंबभर असलं तरी माणूस गोरा नाही, असं ठरलं. पण मग राज्यातली खानदानी मंडळीच बाहेर पडली असती. म्हणून एक सोळांशापर्यंत मूलनिवासी रक्त चालेल, अशी पळवाट ठेवली, आणि ती 'पोकाहोंटस अपवाद' म्हणूनच ओळखली गेली. त्याच काळात राज्याच्या जन्म-मृत्यू खात्याचा प्रमुख वॉल्टर प्लेकर खऱ्या मूलनिवासी कुटुंबांच्या दाखल्यांवरून 'इंडियन' हा शब्द पुसून टाकत होता. विसाव्या शतकातल्या व्हर्जिनियाच्या दाखल्यावर वंशाच्या रकान्यात जे लिहिलंय ते म्हणूनच डोळे झाकून घेऊ नका. त्या कायद्यातली आंतरवंशीय विवाहाची बंदी १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली.

रँडॉल्फांच्या गुलामांची वंशावळ शोधता येते का?

येते, आणि ती शोधल्याशिवाय या घराण्याची वंशावळ अर्धीच राहते. १६६२ च्या कायद्याने मूल आईच्या दर्जाचं ठरलं. आई गुलाम तर मूल गुलाम, बाप मालक असला तरी. बापाचं नाव लिहिण्याची गरजच उरली नाही.

कागद मात्र तेच. मृत्युपत्र, मालमत्तेची मोजदाद, गहाणखत, वाटणी. ज्यांच्या नावावर मालमत्ता होती त्यांची नावं त्या कागदांनी राखली, आणि ज्यांना मालमत्ता मानलं त्यांचीही, फक्त आडनावाविना आणि किमतीसकट. पेटन रँडॉल्फची विधवा बेटी हिने मृत्युपत्रात ईव्ह आणि तिचा मुलगा जॉर्ज यांची नावं घातली. पुढे पुरवणीत लिहिलं की ईव्हच्या 'वाईट वर्तना'मुळे तिला विकावं लागलं. युद्धाच्या धामधुमीत ईव्ह इंग्रजांच्या आश्रयाला पळाली होती. आई आणि मुलगा असं नातं सांगणारी ही एक ओळ वंशावळीत सोन्यासारखी.

१८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग, रंग आहे. नावानिशी पहिली जनगणना १८७० ची. तिच्या आधीच्या काही वर्षांसाठी फ्रीडमेन्स ब्युरोचे, म्हणजे मुक्त झालेल्या गुलामांसाठीच्या सरकारी खात्याचे, कागद बघावेत आणि त्याच्याही मागे मालकाचं दप्तर. मुक्त झालेल्यांनी मालकाचंच आडनाव घेतलं असेल हे गृहीत धरू नका.

दोन ठिकाणी वाट बरीच सोपी आहे. बिझार मळ्याचा रिचर्ड रँडॉल्फ १७९६ मध्ये वारला, तेव्हा त्याच्या मृत्युपत्रात गुलामांना मोकळं करून जमीन द्यावी असं होतं. १८१० मध्ये सुमारे ९० माणसं फार्मव्हिलजवळ इझ्रायल हिल या वस्तीत राहायला गेली. त्याचा भाऊ रोअनोकचा जॉन १८३३ मध्ये वारला. त्याने अनेक मृत्युपत्रं केली होती, त्यामुळे खटला रेंगाळला आणि ३८३ माणसं १८४६ मध्ये सुटून ओहायोला गेली. त्यांच्यासाठी घेतलेल्या मर्सर काउंटीतल्या जमिनीवर तिथल्या गोऱ्यांनी त्यांना पाय ठेवू दिला नाही. ती मियामी आणि शेल्बी काउंटीत विखुरली. त्यांच्या वंशजांना 'रँडॉल्फ फ्रीडमेन'चे वंशज म्हणतात आणि त्यांची वंशावळ कित्येक गोऱ्या शाखांपेक्षा भक्कम कागदांवर उभी आहे.

डीएनए चाचणीने सगळं मिटत नाही का?

नाही. नेहमीची घरगुती चाचणी पाच-सहा पिढ्यांपर्यंत बऱ्यापैकी बोलते. विल्यम आजच्या माणसापासून नऊ-दहा पिढ्या दूर, त्याच्या डीएनएचा एकही तुकडा अंगात नसणं अगदी शक्य. त्यात आपसातल्या लग्नांमुळे दोन माणसांचं नातं आहे त्यापेक्षा जवळचं दिसतं.

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ न बदलता जातं, त्याचा उपयोग जास्त. जेफर्सन हाच त्याची गुलाम सॅली हेमिंग्ज हिच्या मुलांचा बाप होता का, हे बघणारी १९९८ ची प्रसिद्ध चाचणी याच तत्त्वावर होती. जेफर्सनला वयात आलेला औरस मुलगा नव्हता, म्हणून त्याच्या काकाच्या पुरुषवंशातले नमुने घेतले. ते सॅली हेमिंग्जचा मुलगा एस्टन याच्या वंशजाशी जुळले. जेफर्सनच्या रँडॉल्फ नातवंडांनी बाप म्हणून जेफर्सनच्या बहिणीच्या, म्हणजे कार घराण्यातल्या मुलांकडे बोट दाखवलं होतं. नातू एका भावाचं नाव घेत होता, नात दुसऱ्याचं. कार भावांचं वाय गुणसूत्र जुळलं नाही. सॅलीचा दुसरा मुलगा मॅडिसन याने मात्र १८७३ मध्येच ओहायोच्या वर्तमानपत्रात आपला बाप कोण ते छापून आणलं होतं. घरातली सांगीवांगी ऐकताना सांगणाऱ्याला काय लपवायचं आहे हेही बघावं, ते यासाठी.

घराणं स्कॉटलंडच्या सरदारांपासून निघालं म्हणतात, ते खरं?

मरीच्या अर्लपर्यंत नेणाऱ्या वंशावळी आहेत. मोर्टन मॉरेलच्या मागे विल्यमच्या आजोबांपर्यंत, नॉर्दम्प्टनशरमध्ये, जमीन पक्की आहे. त्यापलीकडे मी जाणार नाही. स्वतः जेफर्सनने आत्मचरित्रात आजोळबद्दल लिहिलंय की ते आपली वंशावळ इंग्लंड-स्कॉटलंडात फार मागे नेतात, त्यावर ज्याने त्याने हवा तेवढा विश्वास ठेवावा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी श्रीमंत अमेरिकनांना हव्या तशा वंशावळी करून देण्याचा धंदाच जोरात होता. गुस्ताव आंजू नावाच्या गृहस्थाने त्यावर आयुष्य काढलं आणि त्याने घुसडलेले पूर्वज अजून झाडांतून निघालेले नाहीत.

ऑनलाइन झाडांवर भरवसा ठेवावा का?

खूण म्हणून ठेवा. दहा झाडांत एकच माहिती असली तर बहुधा नऊ जणांनी एकाची उतरवलेली असते. एक झटपट चाळणी सांगतो. झाडात पेटन रँडॉल्फचा किंवा रोअनोकच्या जॉनचा थेट वंशज दाखवला असेल तर ते झाड मिटून ठेवा. दोघेही निपुत्रिक होते.

भारतात बसून हे काम होतं का?

मोठा भाग होतो. फॅमिलीसर्च हे वंशावळीचं संकेतस्थळ मोफत आहे, फक्त काही प्रतिमा त्यांच्या केंद्रात जाऊनच उघडतात. मॉन्टिसेलो या जेफर्सनच्या मळ्याच्या 'गेटिंग वर्ड' या मौखिक इतिहासाच्या प्रकल्पात १९९३ पासून तिथल्या गुलामांच्या वंशजांच्या मुलाखती जमा होत आहेत. अठराव्या शतकातलं वळण वाचायची सवय मात्र लावून घ्यावी लागते.

या घराण्याचा भारताशी काही संबंध?

वंशाचा मला ठाऊक नाही. स्वयंपाकघराचा आहे. टकाहोची मेरी रँडॉल्फ, गव्हर्नर थॉमस मानची बहीण, नवऱ्याचे दिवस फिरल्यावर रिचमंडमध्ये खानावळ चालवायची. १८२४ मध्ये छापलेल्या तिच्या पाककृतींच्या पुस्तकात 'ईस्ट इंडियन' पद्धतीची करी आणि करी पावडर दोन्ही आहेत.

तिकडे गेलो तर काय बघावं?

टकाहोचं घर गूचलंडमध्ये उभं आहे आणि लहानगा जेफर्सन जिथे शिकला ती छोटी शाळाही. विल्यम रँडॉल्फ तिसरा याने बांधलेलं विल्टन १९३३ मध्ये सुटं करून रिचमंड शहरात हलवलं, तिथे आता संग्रहालय आहे. पेटनचं घर विल्यम्सबर्गमध्ये, आणि त्याच्या फेरीत ईव्हबद्दल जरूर विचारा. टर्की आयलंडचं घर १८६२ मध्ये युद्धनौकांच्या माऱ्यात गेलं. तिथे १७७१ च्या महापुराची आठवण सांगणारा दगडी स्तंभ उरला आहे. 'कर्ल्सचे पहिले रिचर्ड आणि जेन' यांच्या स्मरणार्थ त्यांच्या मुलाने तो उभारला. कोरताना 'पहिले' हा शब्द घातल्याबद्दल त्या मुलाचे मनापासून आभार.